आयसीयूनंतरचा जिना

बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप संपवून मी बडोद्यातल्या एका खाजगी रुग्णालयात लागले आणि पहिल्याच महिन्यात आयसीयूत ड्यूटी लागली. आयसीयूतली फिजिओथेरपी म्हणजे छातीतला कफ मोकळा करणं, इतकीच माझी तेव्हा समजूत होती. आता या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी पेशंटच्या मांड्या बघायला सांगते.

पडून राहिलेला गंभीर पेशंट फार वेगाने वाळतो. २०१३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा दिवसांत जवळजवळ १८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणून व्हेंटिलेटर निघायची वाट बघत थांबायचं नसतं. २००९ साली 'लॅन्सेट' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटचा अभ्यास आला. झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून लगेच व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, बाकीच्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. हे आकडे पाठ करून ठेवा. "अहो, नळी आहे तोंडात, कशाला त्रास देता?" असं नातेवाईक विचारतात, तेव्हा त्यांना समजावून सांगायला उपयोगी पडतात.

पेशंटला पलंगाच्या कडेला बसवणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. डॉक्टरांशी बोलून, ब्लडप्रेशर, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरचे आकडे बघून मगच हात लावायचा. कुठली नळी कुठे जाते ते बोटाने मोजायचं. तोंडातली नळी एकाच माणसाने सांभाळायची, लघवीची पिशवी पोटाच्या पातळीच्या खाली ठेवायची. सिस्टर मोकळ्या असतील तेव्हाच सुरुवात करायची. त्यांच्या मदतीशिवाय हे होत नाही. चेहऱ्यावर घाम आला, नजर फिरली, ऑक्सिजन उतरायला लागला की परत झोपवायचं. उद्याचा दिवस असतोच. आणि बडोद्यात काम करायचं तर "गभराशो नहीं, हुं पकडीने ऊभी छुं" (घाबरू नका, मी धरून उभी आहे) हे वाक्य मनापासून म्हणता आलं पाहिजे. माझे बहुतेक पेशंट गुजराती आहेत, आणि धीर आपल्या भाषेतच लवकर पोहोचतो.

स्नायूंची ताकद मोजायला एमआरसी स्कोअर आहे. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा, दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाचपैकी, एकूण ६०. ४८ च्या खाली आला तर आयसीयूतला अशक्तपणा धरतात.

आता माझी चूक सांगते. दांडिया बाजारातले एक काका, निवृत्त शिक्षक, न्यूमोनियामुळे अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. सुरुवातीला स्कोअर ३८, चमचासुद्धा तोंडापर्यंत जात नव्हता. घरी जाताना ५० झाला, वॉकर धरून कॉरिडॉरमध्ये चाळीस मीटर चालले. मी फाइलवर 'आधाराने चालतात' लिहिलं आणि खूश झाले. तीन आठवड्यांनी घरभेटीला गेले तेव्हा कळलं, जुना वाडा, खोली माडीवर, लाकडी जिन्याच्या सोळा उंच पायऱ्या आणि संडास खाली चौकात. काका एकदाही खाली उतरले नव्हते. पलंगावर भांडं घ्यावं लागत होतं, आणि लाजेपोटी त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. जिना आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात विचारलं, "यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का गं?" काका रात्री दचकून उठत. आपल्याला रेल्वेच्या डब्यात बांधून ठेवलं होतं, असं ते सांगत. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात खरोखरच बांधले होते. तापात, औषधांच्या गुंगीत त्याचा डबा झाला. भीती, विसराळूपणा, झोप न येणं, अशक्तपणा या सगळ्याला मिळून 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' हे नाव २०१२ पासून रूढ झालं आहे, आणि त्यात घरच्यांच्या मनावर येणारा ताणही धरतात. वेड नाही हे ऐकून काकू रडल्या. हे एक वाक्य डिस्चार्जच्या दिवशीच त्यांच्या कानावर पडायला हवं होतं.

तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी घरच्यांना एक वही करायला सांगते. आज काय झालं, कोण भेटायला आलं, नळी कधी निघाली, तारखेनिशी लिहायचं. काकांच्या मुलाने मोबाइलमधले मेसेज बघून मागाहून तशी वही लिहून काढली आणि रोज एक पान वाचून दाखवलं. डबा लगेच गेला नाही, पण तो खरा नव्हता हे काकांना पटायला लागलं.

घरी जाण्याआधी मी आता हे विचारतेच: जिना किती, संडास उकिडवं बसायचा की कमोडचा, आंघोळीला स्टूल आहे का, दिवसभर सोबत कोण. पाणी पिताना ठसका लागतो का, हेही बघा. नळी निघाल्यावर गिळणं बिघडलेलं असू शकतं, त्याला स्पीच थेरपिस्ट लागतो. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक नवा आजार समजून धावाधाव करतात.

काकांना आम्ही खुर्चीवरून उठबस करण्यापासून सुरू केलं, रोज पाच, मग दहा. मग एकच पायरी, दोरी धरून, मुलगा खालच्या पायरीवर उभा. नवव्या आठवड्यात ते चौकात उतरले आणि दोन तास वर जायला तयार नव्हते.