इंदुरात स्त्रीवेशात बाहेर पडताय? या चुका टाळा

विग, पावडर, साडीच्या निऱ्या यांवर आठ-आठ दिवस जातात, आणि गुपित फुटतं ते न्हाणीघरातल्या आरशाला चिकटवून विसरलेल्या टिकलीमुळे. रस्त्यावरचा अनोळखी माणूस दोन सेकंद बघतो आणि पुढे जातो. घरची माणसं मात्र तुमचा टॉवेल, तुमचा वास, तुमची परतायची वेळ सगळं ओळखून असतात. त्यामुळे बाहेर काय घालायचं याच्या दुप्पट विचार निघण्याचा आणि परतण्याचा करावा लागतो. इथे चुका होतात त्या बहुतेक या दोन टोकांना.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या: पुरुषाने बायकांचे कपडे घालून फिरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. ही हौस असणारे बरेचजण संसारी असतात, आणि कपड्यांवरून माणसाचा लैंगिक कल कुठला हे ठरत नाही. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरोघरच्या बायका करत असत. रंगमंच वेगळा आणि विजय नगरचा चौक वेगळा, एवढाच काय तो फरक.

पहिल्याच फेरीला सराफा

ही सगळ्यात मोठी चूक. गर्दीत कोण बघतंय, असं वाटतं. पण सराफ्यात, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारात, रात्री खाऊगल्ली भरते, खांद्याला खांदा लागतो, डोक्यावर लखलखीत दिवे असतात, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना रात्री तिथे नेणं हा इथल्या प्रत्येक मराठी घराचा कुळाचार आहे. मावशी भेटायची शक्यता शहरात सर्वांत जास्त कुठे, तर तिथेच. शिवाय भुट्ट्याच्या किसाच्या आणि जिलबीच्या कढयांची धग. कृत्रिम धाग्याचा विग कढईवर वाकला की पुढचे केस आकसून काथ्यासारखे होतात, आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीचंही थोड्याफार फरकाने हेच.

मॉलमध्ये अडचण दुसरी. दारावर तपासणीच्या दोन रांगा असतात आणि बायकांच्या रांगेला पडदा लावलेला असतो. तिथे कुठे उभं राहायचं हे दारात पोचल्यावर ठरवू नये. मेट्रोतही तपासणी आलीच. पहिल्या तीन-चार फेऱ्यांसाठी फाटक, तपासणी आणि तिकीट नसलेली जागा निवडा. राहायला रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरकडे असाल तर विजय नगरची बाजू बरी. तिकडे राहत असाल तर उलट. पहिली फेरी चाळीस मिनिटांची पुरे: गाडीतून उतरा, वीस मिनिटं चाला, एखाद्या दुकानातून पाण्याची बाटली घ्या, परत या.

वेळ संध्याकाळी सात ते नऊ. 'रात्री बाराला कोण बघतंय' हे गणित उलटं पडतं. सातला रस्त्यावर शेकडो बायका असतात, बाराला एकटी बाई म्हणजे प्रत्येक मोटारसायकलवाल्याचं लक्ष, आणि गस्तीच्या गाडीचंही. पोलिसांनी थांबवलंच तर खोटं नाव सांगू नका. लायसन्स दाखवा, नेहमीच्या आवाजात 'हौस आहे, घरी चाललोय' म्हणा. घोळ कपड्यांमुळे होत नाही, थापांमुळे होतो.

ऋतू डिसेंबर-जानेवारीचा. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचं, कौतुक उगाच झालेलं नाही. थंडीत स्वेटर-शालीखाली रुंद खांदे झाकले जातात आणि चेहऱ्यावरचा थर टिकतो. मेच्या उन्हात तोच थर अर्ध्या तासात कानशिलावरून ओघळतो. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, 'आज काहीही चालतं' म्हणून साडी नेसून जाणारे असतात, पण पाण्याच्या माऱ्यात विग आणि गर्दीत पदर, दोन्ही जातात.

दाढीची निळी झाक

पांढरट फाउंडेशनचा जाड थर हा उपाय नव्हे. दाढीची झाक निळसर-राखाडी असते. वर पांढरट थर दिला की चेहरा राखेसारखा दिसतो. निळ्यावर नारिंगी चालतं. क्रम असा ठेवा:

गरम पाण्याने दोन मिनिटं शेक. दाढी आधी केसांच्या दिशेने, मग आडवी. उलट्या दिशेने खरवडलं की पुटकुळ्या येतात आणि त्या कुठल्याही थराखाली दिसतात. मग वीस-तीस मिनिटं थांबा, नाहीतर सगळं झोंबतं. मॉइश्चरायझर लावा. नारिंगी करेक्टर (झाक दडवणारं क्रीम) फक्त झाक असलेल्या जागी, वरचा ओठ आणि हनुवटीवर, बोटाने थापून, न घासता. त्यावर स्वतःच्या मानेच्या रंगाचं फाउंडेशन पातळ. शेवटी पावडर दाबून. दाट काळी दाढी असेल तर चार ते सहा तासांत खुंट वर येतात, म्हणजे सकाळची दाढी संध्याकाळी उपयोगाची नाही. आणि आधी एखाद्या दिवशी सराव करून तपासणी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात करा. ट्यूबलाइटखाली सगळे सुंदरच दिसतात.

विगची पुढची कडा भुवयांपासून चार बोटं वर बसली पाहिजे. खाली ओढला की टोपी वाटते, मागे सरकला की कपाळ वाढतं. नवीन विगची प्लास्टिकसारखी चमक घालवायला चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरून झटका.

मापं

पुरुष कुर्ती छातीच्या मापाने घेतात आणि ती खांद्यात अडकते. छाती ४० असली तरी खांद्यासाठी ४२ घ्या आणि बाजू आत घालून घ्या. गुडघ्याखाली येणारी कुर्ती आणि सरळ पलाझो, यात पहिलं वर्ष निघून जातं. बाह्या पाऊण किंवा पूर्ण, म्हणजे हातावरचे केस काढावे लागत नाहीत. पूर्ण वॅक्स केलेले हात घरी दोन-तीन आठवडे दिसत राहतात. ट्रिमरने बारीक केले तर कुणाच्या ध्यानात येत नाही. भुवया अजिबात कोरू नका, त्या परत यायला महिने लागतात.

छातीच्या जागी स्पंज भरला की ब्रा दर दहा मिनिटांनी वर चढते, कारण स्पंजला वजन नाही आणि खालची पट्टी ताणून धरायला काहीतरी हवं असतं. सिलिकॉनची जोडी महाग वाटत असेल तर पातळ मोज्यात प्रत्येकी पाव किलो बाजरी भरून गाठ मारा. ही बाजरी दर दोन-तीन महिन्यांनी बदला. घामाने कुबट वास येतो, आणि पावसाळ्यात किडे होतात.

बांगड्यांचं माप पुरुषी हाताला बहुधा दोन-आठ किंवा दोन-दहा लागतं. दोन-चारच्या मापाची ओढून घालायला जाल तर काच फुटून मनगट कापेल. बायकांच्या चपला बऱ्याच दुकानांत ४१ नंबरवर संपतात. तुमचा पाय ४२ असेल तर मागून उघडी, पट्ट्यांची सपाट चप्पल शोधा. टाच एक-दीड इंचाच्या वर नको, आणि तीही रुंद.

साडी घसरते त्याचं कारण परकर. पँटच्या सवयीने पुरुष तो कमरेच्या हाडावर बांधतात. तो बेंबीच्या रेषेत, नाडी घट्ट करून बांधायचा. तयार परकर साधारण चाळीस इंच लांबीचा असतो, उंची पाच-नऊ असेल तर पायाचा घोटा उघडा पडतो. म्हणून बेचाळीस शिवून घ्या. चप्पल आधी घालायची आणि मग नेसायचं, म्हणजे खालचा काठ नेमका बसतो. पिना पाच: एक खांद्यावर, दोन निऱ्यांना, एक कमरेला, एक पदराच्या मागच्या बाजूला.

तोंड उघडलं की

आवाज बारीक काढायला जाऊ नका. चिरका आवाज जास्त लक्ष वेधतो. हळू आणि थोडं बोला. खरी फजिती क्रियापदात आहे. 'मैं आ रहा हूँ' तोंडात बसलेलं असतं आणि ऐन वेळी तेच निघतं. मराठीतही 'येतो', 'घेतो' आहेच. यावर सोपा तोडगा असा की, लिंग न दाखवणारी वाक्यं पाठ करायची: 'कितने का है?', 'यह चाहिए', 'दे दीजिए', 'बस, हो गया'. मराठीत 'मला हवंय', 'किती झाले?'. आणि इंदुरी माणसाच्या जिभेवरचं 'भिया' (भैया) तेवढं आवरा. कुर्ती घालून 'क्यों भिया' म्हटलं की पोहेवाला मान वर करणारच.

पैसे, गाडी, फोन

यूपीआयने पैसे दिले की दुकानदाराच्या फोनवर तुमचं पूर्ण नाव झळकतं. जोडखातं असेल तर नोंद घरीही दिसते. दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. टॅक्सीच्या अॅपवरही नाव दिसतं, म्हणून तिथे आद्याक्षर आणि आडनाव पुरे. ड्रायव्हर फोन करणारच, त्याला आधीच मेसेज टाका: 'गेटपाशी उभे आहोत.' घराच्या दारातून गाडी मागवू नका.

स्कूटर असेल तर इंदुरात एक मोठी सोय आहे. इथे निम्म्या मुली उन्हासाठी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात. तोच स्कार्फ, वर हेल्मेट, पांढरे हातमोजे. विगची गरजच नाही. फक्त पदर-ओढणी खोचून घ्या, चाकात जाते. आणि सिग्नल तोडू नका. चौकातला कॅमेरा फोटो काढतो, आणि ई-चलान जातं गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर, म्हणजे बहुतेक वेळा बाबांच्या.

बाहेर कपडे बदलायला हॉटेलची खोली घेणार असाल तर ओळखपत्रावरच्याच रूपात नोंद करा. मग एक पुरुष आत गेला आणि एक बाई बाहेर आली, हे काउंटरवाल्याला खटकतं. येतानाच शांतपणे सांगून टाकलेलं बरं. स्वच्छतागृह बायकांचं वापरू नका. आतल्या बाईला दचकवणं योग्य नाही आणि तक्रार झाली तर बाजू मांडता येत नाही. एकाच दाराचं, सर्वांसाठीचं असेल ते शोधून ठेवा, किंवा तीन तासांत परता. रेल्वेच्या महिला डब्यात चढणं तर रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली गुन्हा आहे.

फोटो काढलेत तर ते आपोआप कुठे चढतात ते आधी पाहा. घरच्या टीव्हीवर तेच गूगल खातं चालू असेल, तर दिवाळीत सगळे बसलेले असताना 'आठवणी' म्हणून पडद्यावर येतील. लोकेशन शेअरिंग चालू आहे का, तेही बघा. चेहरा दिसणारा फोटो ऑनलाइन भेटलेल्या कुणाला देऊ नका. त्यावरून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. पहिला हप्ता दिला की दुसरा येतोच. संवादाचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली ती खंडणी आहे.

घरात

सामान माळ्यावर ठेवू नका. दिवाळीच्या साफसफाईत माळाच पहिला खाली येतो. नंबरचं कुलूप असलेली छोटी ट्रॉली बॅग, आपल्याच कपाटात, वर ऑफिसच्या फायली. ओलसर काही आत टाकू नका. डांबरगोळ्यांचा वास विगमध्ये मुरतो आणि निघत नाही. त्याऐवजी बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ठेवा. बहिणीचे किंवा बायकोचे कपडे कधीही घेऊ नका. शिवण ताणली जाते, गळ्याला फाउंडेशन लागतं, आणि घडी तुमच्या हातची ओळखू येते. खरेदी शीतलामाता बाजारात, 'बहिणीसाठी, हे माप' एवढं सांगून रोखीने. घरी आलेलं पार्सल आई उघडते.

परतल्यावर अर्धा तास हाताशी हवा. काजळ साबणाने जात नाही. आधी खोबरेल, कापसाने, पापण्यांच्या मुळाशी, मग फेसवॉश, मग पुन्हा एकदा. राहिलेली रेघ सकाळी जास्त ठळक दिसते. नखांच्या कडेला रंग राहतो, तिथे काडीला कापूस गुंडाळून रिमूव्हर फिरवा. टिकली गेली तरी गोंदाचं वर्तुळ राहतं, तेही तेलाने. इलास्टिकचे वळ उतरायला तासभर लागू शकतो, तोवर बनियन घालून राहा. टिकल्या आरशाला नव्हे, पाकिटाला परत चिकटवा.

आणि कचरा. २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या शहरात कचरा लपवणं अवघड असतं. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, ओला-सुका-सॅनिटरी वेगळं करून घरातलंच कुणीतरी नेऊन देतं, आणि लिपस्टिक पुसलेला कापूस कुठल्या डब्यात, हा प्रश्न आजीच विचारते. ते सगळं कागदी पिशवीत घालून बॅगेत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वाटेवरच्या कचरापेटीत टाका. रस्त्यावर नको, दंड होतो.

कपडे हाताने धुवा, वीस मिनिटं भिजवून, आणि आपल्या खोलीत हँगरवर, वर स्वतःचा शर्ट घालून वाळवा. गच्चीची दोरी शेजारच्या काकू तुमच्या आधी बघतात.

राहिली अवेळी वाजणारी बेल. अशा वेळी लोक आधी चेहरा पुसायला धावतात. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आधी विग आणि कानातलं बॅगेत, मग कपडे, वर टी-शर्ट आणि पायजमा, बॅगेला कुलूप. चेहरा सर्वांत शेवटी, तोही न पुसता: गालांवर, ओठांवर, हनुवटीवर शेव्हिंग फोमचा जाड थर फासा, टॉवेल डोळ्यांशी धरा आणि 'फोम गेला डोळ्यात' म्हणत दार उघडा.