इलेक्ट्रिक केटल घेताय? आधी घरचा सॉकेट पाहा, आणि या चुका टाळा

केटलच्या बहुतेक तक्रारी मुळात केटलच्या नसतातच. प्लग तापतो, पाणी उकळायला वेळ लागतो, आपोआप बंद होत नाही, आतून गंजली, असं म्हणत लोक वैतागून दुसऱ्या कंपनीची केटल आणतात. तीही त्याच बोर्डाला लागते, तिच्यातही तेच विहिरीचं पाणी पडतं, आणि थोड्या महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात जाऊन खोकी उलटीपालटी करण्याआधी स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहून चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

सगळ्यात आधी सॉकेट. बाजारातल्या दीड-पावणेदोन लिटरच्या केटल बहुधा १५०० वॅटच्या असतात. २३० व्होल्टला अशी केटल साडेसहा अँपिअर ओढते. घरातला लहान सॉकेट असतो ६ अँपिअरचा. फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण सॉकेट जुना असेल, आतल्या पट्ट्या सैल झाल्या असतील, तर तिथेच उष्णता साठते. केटल दोनदा चालवून झाल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, पिनेभोवती पिवळट-काळपट डाग दिसत असेल, तर सॉकेट बदलायला हवा. केटल १८०० किंवा २००० वॅटची असेल तर १६ अँपिअरच्या पॉइंटशिवाय ती घेऊच नका.

केटलची वायर मुद्दाम आखूड देतात, ओट्यावरून लोंबू नये आणि पोराने खाली बसून ओढू नये म्हणून. आपण काय करतो? एक्स्टेंशन बोर्ड लावतो, त्यातच मिक्सर, त्यातच मोबाईलचा चार्जर. केटल कुठे ठेवणार हे आधी ठरवा. जागा सॉकेटजवळ हवी आणि सिंकपासून लांब.

चिऱ्यांच्या जुन्या घरांत अर्थिंग ही वेगळीच डोकेदुखी. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या सॉकेटात बसवायला कन्व्हर्टर लावलेला असतो, म्हणजे अर्थिंग संपलंच. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे त्यांचाही जांभ्या जमिनीत मे महिन्यात कोरडा ठणठणीत पडतो. केटल स्टीलची, हात ओला, पायाखाली फरशी, आणि पावसाळ्यात सगळीकडे दमट. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग एकदा तपासून घ्या. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहा. नसेल तर केटलच्या आधी त्यावर पैसे घाला, असं मी सांगेन.

‘पाणी तापायला फार वेळ घेते’ ही तक्रार गावाकडून जास्त येते. लाइनच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी व्होल्टेज १९०पर्यंत उतरलं, की १५०० वॅटची केटल जेमतेम हजार वॅटची उरते. एरवी लिटरभर पाण्याला चारेक मिनिटं पुरतात, तिथे सहा लागतात. बिघाड कसलाच नसतो. ६०० वॅटची प्रवासी केटल मात्र मुळातच दहा मिनिटं घेते, हे घेतानाच लक्षात असू द्या. आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर चहा करू, हा विचार सोडा. पंखे-दिवे चालवणारा घरगुती इन्व्हर्टर १५०० वॅटचा भार पेलत नाही.

आता आपोआप बंद न होण्याबद्दल. दुकानात हा संवाद ठरलेला:

“दादा, ही बंदच होत नाही हो, नुसती खदखदत राहते.”

“काकी, झाकण टक करून लागतं का?”

बंद करण्याची करामत वाफेवर चालते. झाकण उघडून दांड्याच्या बाजूला वरच्या कडेपाशी पाहा, एक बारीक फट किंवा दोन-तीन भोकं दिसतील. उकळी फुटली की वाफ त्यातून आतल्या नळीने स्विचपाशी जाते. तिथे दोन धातूंची पातळ चकती असते, ती तापून उलटी वळते आणि स्विच पाडते. झाकण उघडं राहिलं, नीट बसलं नाही किंवा त्या फटीत घाण साचली, तर वाफ तिथवर पोचतच नाही. म्हणून घेताना दुकानातच झाकण पाच-सहा वेळा उघडमीट करून पाहा. बिजागरी डगमगत असेल तर ती केटल तिथेच ठेवा. उलट तक्रारही असते: ‘चालूच होत नाही’. रिकामी तापली असेल तर तळाची सुरक्षा चकती तिला बंद ठेवते. बाजूला ठेवून थंड होऊ द्या, गार पाणी भरा, मग लावा.

पाण्याचं म्हणाल तर ओपा किंवा साळावली जलप्रकल्पातून येणारं नळाचं पाणी केटलला फारसा त्रास देत नाही. जांभ्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असलं की तळाला तांबूस ठिपके येतात, आणि लोक म्हणतात स्टील गंजलं. अर्धी केटल पाणी, चमचाभर लिंबूसत्त्व, एक उकळी, अर्धा तास तसंच, मग दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओतून टाका. ठिपके गेले तर ते पाण्याचे होते. नखाला खड्डे लागले तर गंज खरा. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या खारटपणाने चांगलं स्टीलही टोचल्यासारखं खराब होतं. त्यामुळे ‘३०४’ असं लिहिलेलं स्टील घ्या आणि रात्रभर पाणी आत ठेवू नका. माडाचं व्हिनेगर सफाईला वापरू नका, वास आठवडाभर जात नाही.

दूध आणि चहापावडर केटलमध्ये घालू नये. दूध फेसाळून वाफेच्या फटीत जातं, तळाला करपतं, आणि मग बंद होण्याचं तंत्र बिघडतं. एकाच भांड्यात सगळं उकळायचं असेल तर रुंद तोंडाची मल्टी-केटल वेगळी मिळते.

आकाराबाबत पाण्याची कमाल रेघ सगळे पाहतात, किमान रेघ कोणी पाहत नाही. घरात दोघंच असाल आणि किमान रेघ अर्ध्या लिटरला असेल, तर दर वेळी जास्तीचं पाणी फुकट तापेल. चवथीला घर भरतं म्हणून मोठी केटल घेण्यात अर्थ नाही, तेव्हा पातेलं असतंच.

आयएसआय चिन्ह पाहा. सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे की केटल बाहेर पाठवावी लागेल, हे बिल करण्याआधी विचारा. होमस्टेच्या खोल्यांत ठेवणार असाल तर वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं जरूर वाचा, कारण घरगुती केटलची वॉरंटी व्यावसायिक वापराला बहुधा लागू होत नाही.