लिनक्सवर युबिकी आणि जीपीजीचं भांडण कसं मिटवावं

युबिकी (लॉगिनच्या आणि सहीच्या गुप्त किल्ल्या जपणारी छोटी यूएसबी की) खोचलेली आहे, ब्राउझरमध्ये तिने लॉगिनही होतंय, पण जीपीजीला (सही आणि कूटबद्धीकरण करणारा प्रोग्राम) कार्डाची, म्हणजे युबिकीचीच, स्थिती विचारली की उत्तर येतं, ‘नो सच डिव्हाइस’. यावर मिळणारे सल्ले ठरलेले असतात: सुडो लावा (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने आदेश चालवा), पीसीएससीडी (स्मार्टकार्डांशी बोलणारी सेवा) बंद करा, मशीन रीस्टार्ट करा. तिन्ही करून बसलोय. त्यात सुडो सगळ्यात वाईट. रूटच्या नावाने दुसरा डेमन (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) उठतो, कार्ड धरून बसतो आणि मग आपल्या नावाने काहीच चालत नाही.

(आदेश आणि पर्याय इथे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान.)

जीपीजी, एससीडेमन (जीपीजीसाठी कार्डाशी बोलणारा डेमन), पीसीएससीडी आणि वायकेमॅन (युबिकीची सेटिंग्ज सांभाळणारं साधन) ही पॅकेजेस टाकून घ्या. ब्राउझरमध्ये लॉगिन होतंय म्हणजे कार्डही ठीक, असं धरू नका. ते लॉगिन फिडोचं (वेबसाइटवर कीने लॉगिन करायची पद्धत), ते वेगळ्या वाटेने जातं. जीपीजीच्या किल्ल्या असतात सीसीआयडी या स्मार्टकार्डाच्या वाटेवर, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

त्या वाटेवर हक्क सांगणारे दोघे आहेत. जीपीजीचा एससीडेमन स्वतःच्या ड्रायव्हरने थेट यूएसबीवर हात टाकतो. ओटीपीचे आकडे दाखवणारं ॲप आणि वायकेमॅन मात्र पीसीएससीडीमार्फत जातात. एका म्यानात दोन तलवारी. जो आधी पोचला, त्याची की. म्हणून सकाळी सही होते आणि दुपारी होत नाही. मी दोन शनिवार केबल आणि पोर्ट बदलण्यात घालवले. बिघाड वस्तूत नव्हताच, कोण आधी उघडलं या क्रमात होता, हे लक्षात यायला ओटीपीचं ॲप योगायोगाने बंद असावं लागलं. त्यात २०२१ साली आलेल्या जीपीजी २.३ पासून स्वतःच्या ड्रायव्हरने जमलं नाही तर पीसीएससीडीकडे आपोआप वळणंही बंद झालं. त्यामुळे जुन्या लेखांतलं ‘आपोआप होईल’ विसरा.

उपाय एका ओळीचा. होम फोल्डरमधल्या .जीएनयूपीजी या लपलेल्या फोल्डरात एससीडेमन.कॉन्फ नावाची फाइल करा आणि तीत लिहा:

डिसेबल-सीसीआयडी

आता एससीडेमनही पीसीएससीडीच्याच दारातून जाईल. पण चालू डेमन ही फाइल पुन्हा वाचत नाही, म्हणून ‘जीपीजीकॉन्फ --किल एससीडेमन’ द्या आणि मगच ‘जीपीजी --कार्ड-स्टेटस’. ही पायरी गाळून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

पीसीएससीडी बंद करायचा सल्ला तर आपल्याकडे विशेष महागात पडतो. ज्या मशीनवर आयकर किंवा टेंडरसाठी डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावता, तिथे तेही बहुधा याच दारातून बोलतं. ते आणि युबिकी दोन्ही लावलेली असताना जीपीजी भलत्याच रीडरकडे, म्हणजे टोकनकडे, बघत बसलं, तर ‘पीसीएससी_स्कॅन’ चालवा. त्यात युबिकीचं जे नाव दिसेल ते जसंच्या तसं त्याच फाइलमध्ये ‘रीडर-पोर्ट’पुढे लिहा.

दार एक झालं तरी एससीडेमन आत शिरल्यावर कडी लावून घेतो, त्यामुळे ओटीपीच्या ॲपला अधूनमधून ‘व्यस्त’ असं ऐकावं लागतं. इथे लोक लगेच ‘पीसीएससी-शेअर्ड’ लिहायला सांगतात. मी लिहीत नाही. कार्ड आपल्या एकट्याच्याच ताब्यात आहे असं धरून एससीडेमन काही माहिती साठवून ठेवतो. मधेच दुसऱ्याने कार्डाला हात लावला तर ती माहिती खोटी पडते. जीपीजीचं मॅन्युअलसुद्धा या पर्यायाला धोकादायक म्हणतं. ॲप उघडण्याआधी वरचाच किलचा आदेश द्या. मी त्याला दोन अक्षरांचं टोपणनाव दिलंय.

‘कार्ड-टाइमआउट’ लिहा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तो पर्याय आता नावापुरता उरलाय, त्याने काहीही होत नाही.

चाचणी करताना पिन अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की अडकतो. नव्या कीवर तो १२३४५६ आणि ॲडमिन पिन १२३४५६७८ असतो. दोन्ही आधी बदला. ॲडमिन पिनही तीनदा चुकला तर ओपनपीजीपीचा, म्हणजे कीवरचा जीपीजीच्या किल्ल्यांचा, भाग पुसून नव्याने सुरुवात. आणि ‘डीबग-सीसीआयडी-ड्रायव्हर’ लावून काढलेला लॉग मदतीसाठी कुठेही चिकटवू नका, त्यात तुमचा पिन असू शकतो.

त्याच किल्ल्या भरलेली दुसरी, राखीव की लावल्यावर जीपीजी पहिलीचाच अनुक्रमांक मागत राहील. तेव्हा ‘जीपीजी-कनेक्ट-एजंट’ उघडून आधी ‘एससीडी सीरियलनो’ आणि मग ‘लर्न --फोर्स’ द्या. पहिली परत लावलीत की पुन्हा तेच.