कपड्यांचा ड्रायर: बिघाड ओळखण्याची आणि निगा राखण्याची पद्धत

ड्रायर फिरतो, आवाजही नेहमीसारखाच येतो, पण कपडे दमटच बाहेर निघतात, ही या यंत्राबाबतची सर्वांत नेहमीची तक्रार आहे आणि ती उद्भवली की बहुतेकांचा संशय थेट हीटरवर जातो. कपडे वाळण्यासाठी मात्र नुसती उष्णता पुरत नाही. गरम हवेने कपड्यांतला ओलावा उचलून ड्रमबाहेर न्यावा लागतो आणि तिच्या जागी सतत कोरडी हवा यावी लागते. हवेची ही वाट कुठेही तुंबली, तर हीटर धडधाकट असूनही कपडे वाळत नाहीत. म्हणून तपासणी आधी हवेच्या वाटेची, मग सेन्सरची आणि सर्वांत शेवटी विजेच्या भागांची करावी. या क्रमाने गेल्यास पुष्कळदा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावाच लागत नाही.

त्याआधी आपला ड्रायर कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून घ्यावे. व्हेंटेड ड्रायर दमट हवा मागच्या डक्टमधून घराबाहेर टाकतो. कंडेन्सर ड्रायर त्याच हवेला थंड करून तिच्यातले पाणी टाकीत साठवतो. हीट पंप ड्रायरही पाणी साठवतो, पण त्यात फ्रिजप्रमाणे कॉम्प्रेसर असतो आणि तो कमी तापमानावर, सावकाश काम करतो; त्यामुळे जुन्या व्हेंटेड ड्रायरनंतर हीट पंप घेतलेल्यांना तो बिघडल्यासारखा वाटतो, तो खरे तर बिघाड नसतो.

पहिली तपासणी लिंट फिल्टरची. कपड्यांपासून सुटणारी लव या जाळीवर जमते आणि प्रत्येक फेरीनंतर ती काढावीच लागते. हाताने निघणारा करडा थर काढला की जाळी स्वच्छ झाली असे वाटते, पण कपडे मऊ करणाऱ्या ड्रायर शीटचा किंवा सॉफ्टनरचा एक पातळ, मेणचट थर जाळीच्या छिद्रांत बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखण्याची सोपी रीत म्हणजे जाळी नळाखाली आडवी धरून तिच्यावर पाणी सोडावे. पाणी सरळ खाली गेले तर जाळी ठीक आहे. ते वरच साचून थरथरत राहिले, तर हवाही तशीच अडत आहे असे समजावे. अशी जाळी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी धुऊन पूर्ण वाळवावी आणि मगच परत बसवावी. जाळी फाटली असेल किंवा तिची कड नीट बसत नसेल तर ती बदलावी, कारण तिच्यातून निसटलेली लव पंख्यावर, हीटरच्या भोवती आणि डक्टमध्ये जाऊन बसते. जाळी ज्या खाचेत बसते ती खाचही व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद नळीने अधूनमधून साफ करावी.

व्हेंटेड ड्रायरमध्ये यानंतर डक्ट पाहावा. ड्रायर चालू असताना घराबाहेरच्या झडपेपाशी हात धरला की उबदार हवेचा जोरदार झोत जाणवला पाहिजे आणि झडप पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे. झोत मंद असेल तर ड्रायर बंद करून, प्लग काढून, यंत्र थोडे पुढे ओढून मागची नळी तपासावी. यंत्र भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे चेपलेली नळी हे कारण इतके सर्रास आढळते की ते आधी पाहणे केव्हाही श्रेयस्कर. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची नळी वापरू नये. तिच्या वळ्यांत लव अडकते आणि उष्णतेने ती पेटूही शकते. साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा, आतून गुळगुळीत असा कडक धातूचा पाइप सर्वांत चांगला. त्याची लांबी आणि वळणे शक्य तितकी कमी ठेवावीत आणि जोड स्क्रूने न आवळता धातूच्या चिकटपट्टीने किंवा क्लॅम्पने बंद करावेत, कारण पाइपमध्ये घुसलेल्या स्क्रूच्या टोकाला लव धरते. वर्षातून किमान एकदा लांब दांड्याच्या ब्रशने हा मार्ग झाडून काढावा आणि बाहेरच्या झडपेत पक्ष्यांनी घरटे केलेले नाही ना, तेही पाहावे. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरचा डक्ट काढून यंत्र चालवून पाहण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो.

कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायरमध्ये डक्टची जागा उष्णता विनिमयकाने, म्हणजे दमट हवा थंड करून तिच्यातले पाणी वेगळे करणाऱ्या भागाने, घेतलेली असते. काढता येणारा कंडेन्सर महिन्या-दोन महिन्यांतून बाहेर काढून नळाखाली धुवावा. हीट पंपच्या धातूच्या पात्या मात्र जागेवरच, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने, हलक्या हाताने झाडाव्यात; त्या सहज वाकतात आणि बोटही कापतात. काही मॉडेलमध्ये ही सफाई यंत्र स्वतः करते आणि तो भाग उघडता येत नाही, तेव्हा माहितीपुस्तिका पाहावी. पाण्याची टाकी प्रत्येक फेरीनंतर रिकामी करावी. टाकी रिकामी असूनही ती भरल्याचा दिवा लागत असेल, तर पाण्याची पातळी ओळखणारा तरंगक लवेच्या चिखलात अडकला असण्याची किंवा पाणी उचलणारा पंप तुंबला असण्याची शक्यता असते.

हवेची वाट मोकळी असूनही कपडे दमट राहत असतील, तर ड्रायर किती वेळ चालतो हे नीट पाहावे, कारण निदानाचा खरा धागा तिथेच मिळतो. तो ताटकळत चालून शेवटी थांबत असेल तर उष्णता कमी आहे किंवा कपड्यांत पाणी जास्त आहे. धुलाई यंत्राची पिळण्याची गती मिनिटाला ८०० ऐवजी १४०० फेऱ्या ठेवली, तर ड्रायरवर येणारा भार बराच हलका होतो. ड्रमही ठासून भरू नये. कपडे मोकळे उलटेपालटे होण्याइतकी जागा हवी. याउलट ड्रायर लवकरच थांबत असेल आणि कपडे ओले असतील, तर ओलावा ओळखणारा सेन्सर तपासावा. ड्रमच्या पुढच्या कडेजवळ, बहुधा फिल्टरच्या आसपास, धातूच्या दोन अरुंद पट्ट्या दिसतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यांच्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि तो थांबला की कपडे वाळले असे यंत्र मानते. पट्ट्यांवर सॉफ्टनरचा थर बसला की यंत्राची फसगत होते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या पुसाव्यात. तारेची घासणी वापरू नये. एक-दोनच कपडे टाकले तरीही सेन्सर असाच चुकतो.

ड्रम फिरतो पण हवा अजिबात गरम होत नाही, अशा वेळी विजेच्या भागांकडे वळावे. मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसेल तर इथेच थांबून तंत्रज्ञाला बोलवावे. सवय असलेल्यांनी प्लग काढल्यावर थर्मल फ्यूजची कंटिन्युइटी, म्हणजे त्यातून विजेची वाट अखंड आहे का, हे तपासावे. हा फ्यूज ठरावीक तापमानापलीकडे एकदाच उडतो आणि दुरुस्त होत नाही. काही यंत्रांत त्यामुळे फक्त हीटर बंद पडतो, तर काहींत मोटरही. नवा फ्यूज बसवण्याआधी तो का उडाला हे शोधलेच पाहिजे, आणि ते कारण बहुधा पुन्हा तुंबलेल्या हवेपाशीच जाते. फ्यूजला वळसा घालून तार जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. हीटरची कॉइल तुटली असेल तर मीटर कंटिन्युइटी दाखवत नाही. चांगल्या कॉइलचा रोध तिच्या क्षमतेवर अवलंबून असतो आणि २३० व्होल्टवरच्या २००० वॅटच्या कॉइलसाठी तो सुमारे २६ ओहम येतो. कॉइल बाजूच्या पत्र्याला टेकली असेल तर अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडू शकतो.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर प्लग, ब्रेकर, बालसुरक्षा कुलूप आणि दरवाजाचा स्विच पाहावा. दरवाजा लावताना नेहमीचा 'टक' आवाज येत नसेल तर दोष बहुधा तिथेच आहे. मोटर घुमते पण ड्रम फिरत नाही आणि हाताने फिरवल्यास तो अगदी सैल वाटतो, याचा अर्थ बेल्ट तुटला आहे. सतत किंचाळल्यासारखा आवाज बेल्ट ताणणाऱ्या पुलीचा किंवा झिजलेल्या रोलरचा असतो. बरेच दिवस बंद असलेल्या ड्रायरचा सुरुवातीचा 'धप धप' आवाज काही मिनिटांत आपोआप थांबला, तर त्याची काळजी नको. कपड्यांवर काळपट डाग पडू लागले आणि कडेला कापड अडकू लागले, तर ड्रमभोवतीची फेल्टची पट्टी झिजली आहे.

खाद्यतेल लागलेली फडकी धुतल्यावरही ड्रायरमध्ये टाकू नयेत. धाग्यांत उरलेले तेल उष्णतेने ऑक्सिडीकरण पावते आणि ढीग करून ठेवलेले गरम कापड नंतर आपोआप पेट घेऊ शकते. पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे आणि फोम रबराच्या वस्तूही वर्ज्य. फेरीच्या शेवटचा थंड होण्याचा टप्पा मध्येच तोडू नये, आणि घरात कोणी नसताना किंवा सर्व झोपलेले असताना ड्रायर चालवू नये. जळका वास आला, प्लग हाताला गरम लागला किंवा सॉकेट काळवंडले, तर यंत्र लगेच बंद करावे. एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर चालवू नये.

हीट पंपचे शीतक-मंडल (फ्रिजमधल्यासारखा वायू फिरणाऱ्या बंद नळ्या), कॉम्प्रेसर आणि गॅसची जोडणी यांना घरी हात लावू नये. काही हीट पंप यंत्रांत प्रोपेन हे ज्वलनशील शीतक असते. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी दरवाजाच्या आतल्या कडेवरील पट्टीवरून मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा, स्क्रीनवरचा त्रुटी-संकेत टिपावा आणि दोष फेरीच्या सुरुवातीला येतो, मध्यात येतो की शेवटी, हे सांगावे.