तिठ्यावरची 'थांबा' पाटी : या चुका टाळा

गोव्यात वाड्यावरचा रस्ता हमरस्त्याला मिळतो, तिथे बहुतेकदा सिग्नल नसतो, पोलीसही नसतो. नशीब असेल तर लाल अष्टकोनी 'थांबा' पाटी आणि रस्त्यावर पांढरा पट्टा असतो. आपण काय करतो? दुसऱ्या गिअरवर येतो, मान फिरवल्यासारखी करतो आणि सुटतो. हे थांबणं नव्हे. चाक पूर्ण थांबलं पाहिजे. वेग कमी करून, येणाऱ्याला वाट देऊन जायची मुभा असते ती उलट्या त्रिकोणी पाटीला.

थांबायचं पट्ट्याच्या अलीकडे. बरेचजण पुढचं चाक हमरस्त्यात घालूनच थांबतात आणि म्हणतात, अलीकडून काही दिसत नाही. खोटं नाही ते. कुणाच्या तरी चिऱ्याच्या कंपाउंडाची भिंत थेट कोपऱ्यापर्यंत आलेली असते, पावसात वर रान माजतं. मग दोनदा थांबा: आधी पट्ट्यापाशी, नंतर हळूहळू पुढे सरकून दिसेल तिथे. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघा. कारमध्ये नुसती मान वळवून भागत नाही, अंगही पुढे-मागे करा. काचेच्या कडेच्या खांबामागे अख्खी स्कूटर लपते, आणि तुमची गाडी सरकत असेल तर लपूनच राहू शकते.

डावीकडे वळणारे फक्त उजवीकडे बघतात. पाटी डाव्या वळणालाही लागू आहे; शिवाय डावीकडून एखादा टेम्पो ओव्हरटेक करत तुमच्याच बाजूला आलेला असू शकतो.

पुढची गाडी थांबून गेली म्हणून तिच्या मागोमाग घुसू नका. पट्ट्यापाशी प्रत्येकाने आपलं आपण थांबायचं.

'आधी आला तो आधी जाणार' हे रील्समधलं ज्ञान अमेरिकेतल्या, चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकांचं. आपल्याकडे मुख्य रस्त्यावरच्याला आधी वाट. रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. सर्कलवर आत फिरणाऱ्याला. हॉर्नचा यात कुठेच उल्लेख नाही!

२०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये स्टॉप पाटी मोडणं धोकादायक ड्रायव्हिंगच्या यादीत आहे. पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही.

आणि हमरस्त्यावरचा कुणी थांबून हाताने 'जा जा' म्हणाला, तरी लगेच निघू नका. तो स्वतःपुरता थांबलाय. त्याच्या बाजूने येणाऱ्या बाईकवाल्याला तुम्ही अजून दिसलेलेच नसता.