‘बजावणे’ नेमकं कुठं वापरायचं

सांगली जिल्ह्यात मी तीस वर्षं बेलिफ होतो. नात स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. तिच्या निबंधात ‘अधिकाऱ्याने काम बजावले’ असं वाचलं आणि वाटलं, हे नीट लिहून ठेवावं.

१९८६ साल, नोकरीचं पहिलंच वर्ष. सावळजजवळ एका द्राक्षमळ्यात समन्स घेऊन गेलो. मालक तासगावला गेलेला. गड्यानं कागद घेतला, अंगठा दिला. मी अहवालात लिहिलं, ‘समन्स बजावले.’ न्यायाधीशांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “तुम्ही समन्स दिलंय. बजावणी अजून व्हायचीय.” पक्षकार घरी नसेल आणि लवकर भेटण्यासारखा नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाकडं समन्स देता येतं, बाई असो वा पुरुष. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ प्रमाणे नोकर कुटुंबातला धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत सावळजची एसटी धरली.

फारसीत ‘बजा आवर्दन’ म्हणजे जागी आणणं, पुरं करणं. आपलं क्रियापद तिथलंच. त्यामुळं ज्याचं बंधन किंवा अधिकार आपल्यावर आलाय, तेच बजावायचं: कर्तव्य, सेवा, कामगिरी, हुकूम, मतदानाचा हक्क. साधं काम करतात. जबाबदारी पार पाडतात, कार्यभार सांभाळतात, पद भूषवतात. ‘तहसीलदारांनी पद बजावले’ मोठ्यानं वाचून बघा, कानच सांगतील. ‘कर्तव्य निभावले’ हल्ली फार दिसतं, मला ते पटत नाही. आपल्याकडं निभावणं म्हणजे वेळ कशीबशी मारून नेणं.

भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणं बदलतं: तिनं सेवा बजावली, त्यानं हक्क बजावला, मी समन्स बजावलं. आणि कर्म गाळू नका. ‘प्रतिवादीवर समन्स बजावले’ ठीक. नुसतं ‘प्रतिवादीला बजावले’ लिहिलं तर त्याला दम दिला असा अर्थ होतो. घरात ‘पोराला बजावून सांगितलं’ म्हणतो, तो हाच.

समन्स घ्यायला नकार मिळाला तर नियम १७ लागतो. तिथं एकटं ‘बजावले’ पुरत नाही. घर कुणी दाखवलं, कुणासमोर डकवलं, तेही हवं. मी असं लिहायचो: ‘प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिल्याने, खाली सही करणाऱ्या इसमाने दाखविलेल्या घराच्या बाहेरील दारावर, त्याच्या समक्ष प्रत डकवून समन्स बजावले.’