तोडीला गेलेल्या मायचा इतिहास लिहायचा तर

सुरुवात कागदावर तिचं नाव शोधण्यापासून करू नका. मी तीच चूक केली. केज तालुक्यातल्या आमच्या गावात एका मुकादमाच्या (ऊसतोडीची टोळी नेणाऱ्याच्या) घरी उचलीची, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांची, जुनी वही मिळाली, आणि रात्रभर चाळत बसले. आईचं नाव कुठेच नाही. अकरा हंगाम तिनं ऊस तोडला, मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढली. वहीत मात्र दादांचं, म्हणजे वडिलांचं, नाव आणि पुढं ‘एक कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, पण लिहायचा नवराच. म्हणून वहीतून पुरुषांची नावं उतरवून घ्या आणि घरोघरी जाऊन विचारा, त्या साली कोयत्यावर बरोबर कोण होतं?

हे डोक्यात शिरलं ते स्लोव्हेनियातल्या ‘आलेक्सांद्रिन्कां’विषयी, म्हणजे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला कामाला गेलेल्या बायकांविषयी, वाचताना. त्यांची खेडी इटलीच्या सीमेलगत, गोरिश्का आणि विपावा खोऱ्यातली. 1869 साली सुएझ कालवा सुरू झाला, इजिप्तमधल्या श्रीमंत घरांना दाया, आया, स्वयंपाकिणी हव्या झाल्या. या बायका त्रिएस्ते बंदरातून बोटीनं अलेक्झांड्रियाला जायच्या. दूध पाजणाऱ्या दाईला पगार चांगला, म्हणून ओली बाळंतीणही तान्हं सासूजवळ टाकून निघायची. तिच्या पैशावर घरचं कर्ज फिटायचं, जमीन राहायची. (आपल्याकडं उचल आधी आणि घाम नंतर, एवढाच काय तो फरक.) आता यांना सरकारी कागदांत ‘स्लोव्हेनियन’ म्हणून शोधाल तर फसाल: 1918 पर्यंत राज्य ऑस्ट्रियाचं, मग इटलीचं, आणि 1947 ला त्यातला बराच भाग युगोस्लाव्हियात गेला. देश बदलत राहिला, गाव जागेवर राहिलं. तेव्हा गाव धरूनच शोधायचं.

साल विचारू नका. “साल काय इचारतीस बाई, इंदिरा गांधी गेली तव्हा माझं थोरलं कोपीतच झालं,” असं एका मावशींनी सांगितलं. (कोपी म्हणजे तोडीवरची तात्पुरती झोपडी.) लिहून घेतलं, 1984. बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, असे खुंट आपल्याकडं पुष्कळ आहेत. त्यांना दावं बांधत चला.

काका अंगणात बसलेले असतील तर काकूंना प्रश्न विचारू नका. उत्तरं काकाच देतील, आणि तीही मुकादमानं कसं बुडवलं याचीच. भाकरी थापताना चुलीपाशी बसा, मोबाइल पिठाच्या डब्याआड ठेवा. पण रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगा.

मागं राहिलेल्यांनाही विचारा. पर्वाचिना या तिथल्या गावात आज आलेक्सांद्रिन्कांचं छोटं संग्रहालय आहे. आपल्याकडं निदान कोयता, पेटी, एखादा फोटो यांची नोंद तरी करू. पण आजीच्या हाताखाली वाढलेल्या लेकरांच्या मनात काय राहिलं, ते कुठल्याच पेटीत सापडत नाही. त्यातलीच मी एक, म्हणून आईला विचारलं, निघताना माझ्या हातात काय दिलं होतंस?

“काय देणार? तू निजली व्हतीस. उठविलं असतं तर म्याच गेले नसते.”

हे मी जसंच्या तसं उतरवलं. ‘म्याच’चं ‘मीच’ केलं नाही. तुम्हीही करू नका.